पुण्यात रूम किंवा फ्लॅट घ्यायच्या आधी तो एरिया सेफ आहे का ते कसं बघायचं

जून-जुलै आला की पुण्यात हा प्रश्न सगळीकडे सुरू होतो, कारण अॅडमिशन झालेल्या असतात, नवीन जॉइनिंग असतात आणि लातूर, नांदेड, जळगाव, सोलापूर कुठून कुठून पोरंपोरी रूम शोधायला येतात, आणि गावाकडून आईवडिलांचा एकच धोशा असतो की एरिया चांगला बघ. मग कुणालातरी विचारलं की उत्तरं येतात, कोथरूड ना, डोळे झाकून घे. हडपसर नको. येरवडा तर अजिबात नको. माझं स्पष्ट मत आहे की या उत्तरांवर घर ठरवू नका. हडपसर म्हणजे मगरपट्टा पण आणि गाडीतळ पण आणि रामटेकडी पण, तिघांचं एकमेकांशी काय देणंघेणं नाही. आणि कोथरूडचं म्हणाल तर जानेवारी २०२४ मध्ये गुंड शरद मोहोळचा भरदिवसा गोळ्या घालून खून झाला तो कोथरूडच्याच सुतारदऱ्यात. म्हणून कोथरूड वाईट झालं का, तर तेही नाही, टोळीच्या वैरातून झालेला खून तुमच्या मुलीच्या रात्री साडेनऊच्या बसस्टॉप ते रूम या रस्त्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तुम्हाला माहिती हवीय ती त्या एका रस्त्याची, त्या वेळेची, आणि ती मिळते. दोन-तीन तास घालवायची तयारी पाहिजे फक्त.

आधी आकड्यांचं बोलू, कारण "पुण्याचा क्राइम रेट इतका आहे" असे मेसेज सारखे फिरत असतात.

हे आकडे येतात एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या, क्राइम इन इंडिया रिपोर्टमधून. त्यात २० लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येची १९ शहरं वेगळी दिलेली असतात, आपल्याकडची मुंबई, पुणे आणि नागपूर. रेट म्हणजे दर एक लाख लोकसंख्येमागे नोंदवलेले गुन्हे. आता यात अडचणी बघा. पहिली म्हणजे तो अख्ख्या शहराचा आकडा आहे, त्यात वाघोली आणि डेक्कन एकाच पातेल्यात. दुसरी, शहरांसाठी लोकसंख्या धरतात ती २०११ च्या जनगणनेची, आणि २०११ नंतर पुणे किती फुगलंय ते खराडी किंवा वाकडला एकदा जाऊन आलेल्या माणसाला सांगायला नको, म्हणजे गुन्हे आजचे आणि माणसं तेव्हाची, रेट आपोआप जास्तच दिसणार. तिसरी, एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी मोजताना सगळ्यात गंभीर ते एकच धरतात. आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची, हे नोंदवलेले गुन्हे आहेत, घडलेले नाहीत. दिल्लीत २०१५ पासून गाडी चोरीची ऑनलाइन एफआयआर करता येते, स्टेशनला जायचीच गरज नाही, त्यामुळे तिथे नोंद भरपूर होते. केरळचाही रेट नेहमी वर दिसतो, तिथे लोक तक्रार करतात आणि पोलीस ती लिहून घेतात हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. म्हणजे आकडा मोठा असणं ही कधीकधी चांगली गोष्ट असते. उलट आपल्याकडे बसमध्ये मोबाइल मारला गेला तरी बऱ्याचदा चोरी म्हणून न लिहिता "गहाळ" म्हणून दाखला देऊन मोकळे होतात, तो आकड्यात येतच नाही. सोपी ट्रिक म्हणजे गाडी चोरीकडे बघा, ती लोक इन्शुरन्ससाठी तक्रार करतातच, त्यामुळे तो आकडा त्यातल्या त्यात खरा.

मग करायचं काय, तर शहर सोडा आणि पोलीस स्टेशनच्या पातळीवर या.

ज्या बिल्डिंगचा विचार करताय ती कुठल्या पोलीस स्टेशनच्या हद्दीत आहे ते आधी शोधा. हे वाटतं तितकं सोपं नाहीये. हिंजवडी, वाकडला राहणारे सगळे स्वतःला पुण्याचेच म्हणतात पण ते पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतात, जे १५ ऑगस्ट २०१८ पासून वेगळं झालं. त्यात परत २०२४ च्या शेवटी पुणे शहरात सात नवीन पोलीस स्टेशनं झाली, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, नांदेड सिटी, आंबेगाव आणि काळेपडळ. म्हणून २०२५ च्या आधीचं काही शोधायचं असेल तर जुन्या स्टेशनखाली शोधावं लागतं, बाणेरचं चतु:शृंगीला, खराडीचं चंदननगरला, वाघोलीचं लोणीकंदला, आंबेगावचं भारती विद्यापीठला. हे लक्षात नाही घेतलं तर माणूस बघतो आणि म्हणतो अरे वा इथे तर काहीच घडत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट, जी बहुतेकांना माहितीच नसते. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशामुळे एफआयआर ऑनलाइन टाकाव्या लागतात, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर पब्लिश्ड एफआयआर नावाचा भाग आहे. तिथे तारखा टाका, जिल्ह्याच्या जागी पुणे शहर किंवा पिंपरी-चिंचवड निवडा, पोलीस स्टेशन निवडा, आणि लिस्ट येते, एफआयआर नंबर, तारीख, कलमं. ती एकेक उघडून वाचता येते, मराठीत असते. मागच्या तीन महिन्यांची लिस्ट काढा. साइट कधी कधी फार हळू चालते, रात्री उशिरा किंवा सकाळी लवकर प्रयत्न करा.

लिस्ट बघून घाबरू नका. मोठ्या स्टेशनची लिस्ट लांबच असते, आणि त्यात अपघात, फसवणूक, घरगुती भांडणं, दारूच्या केसेस सगळं असतं. तुमच्या कामाची कलमं थोडीच आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे त्यामुळे नवीन नंबर लक्षात ठेवा: ३०३ साधी चोरी, यातच बहुतेक गाडीचोऱ्या असतात, ३०४ म्हणजे हिसकावून नेणं, सोनसाखळी आणि मोबाइल दोन्ही, ३०५ घरातली चोरी, ३३१ घरफोडी, ३०९ जबरी चोरी, ३२४ तोडफोड, ११८ हत्याराने मारहाण, १०९ खुनाचा प्रयत्न, ७८ पाठलाग. बाकीचं सोडून द्या.

मग त्या एफआयआर उघडून तीन गोष्टी बघा. जागा कुठली आहे, एफआयआरमध्ये पोलीस स्टेशनपासून दिशा आणि अंतर लिहिलेलं असतं आणि पत्ता पण, तो मॅपवर टाका. वेळ काय होती. आणि आरोपी ओळखीचा होता की अनोळखी. ही तिसरी गोष्ट वाचताना सगळ्यात जास्त फरक पडतो, कारण मारहाणीच्या बऱ्याच केसेस वाचल्या की कळतं भाऊभाऊ, शेजारी, पैशाची देवाणघेवाण, जुनं भांडण. तुम्हाला त्याचा धोका नाही. पण समजा एकाच रस्त्यावर संध्याकाळी सात ते नऊमध्ये दोन-तीन वेळा मोबाइल हिसकावलेत आणि दर वेळी दुचाकीवर दोघं, तर तो तुमचा विषय आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिस शहराचा एक अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की शहरातल्या फक्त तीनेक टक्के पत्त्यांवरून पोलिसांना येणारे निम्मे कॉल आले होते. नंतर अनेक शहरांत असंच दिसलंय. म्हणजे वाईट म्हणवल्या जाणाऱ्या एरियातही बहुतेक गल्ल्या शांत असतात, आणि चांगल्या एरियात एखादा कोपरा त्रासाचा असतो, आणि तो कोपरा तुमच्या रस्त्यात येतो का एवढंच शोधायचंय.

एक इशारा देतो आणि मुलींच्या पालकांनी हा नीट वाचा. लैंगिक अत्याचाराच्या, पॉक्सोच्या म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या एफआयआर संवेदनशील म्हणून साइटवर टाकतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण त्यामुळे लिस्टमध्ये तसं काही दिसलं नाही म्हणजे तसं काही घडत नाही असा अर्थ काढू नका. शिवाय एनसीआरबीचेच आकडे दरवर्षी सांगतात की बलात्काराच्या दर १०० केसेसमध्ये ९० हून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो. एरिया बघा पण पीजीचा मालक कोण, मॅनेजर कोण, रूमची दुसरी किल्ली कुणाकडे, बाथरूमची कडी आतून नीट लागते का हे त्याहून जास्त बघा.

आणि अजून एक. त्या एफआयआरमध्ये तक्रारदाराचं नाव, पत्ता असतो. ज्याचं घर फुटलंय त्या माणसाचे स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर फिरवू नका. वाचा, टिपून घ्या, बंद करा.

ऑनलाइन नाही मिळालं किंवा अख्ख्या वर्षाचा एकत्र आकडा हवा असेल तर आरटीआय करा. महाराष्ट्राचं ऑनलाइन आरटीआय पोर्टल आहे, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अमुक पोलीस स्टेशनच्या हद्दीत मागच्या तीन वर्षांत घरफोडी, वाहनचोरी, सोनसाखळी चोरीचे किती गुन्हे नोंदले आणि किती उघडकीस आले, इतकंच विचारा. "का" विचारू नका, फक्त आकडे मागा, नाहीतर उत्तर टाळायला जागा मिळते. भाड्याच्या रूमसाठी एवढं कुणी करणार नाही, पण ७०-८० लाखांचा फ्लॅट घेताना टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघायला चार चकरा मारता तर हे पण करा.

आता पायी बघायचं

ब्रोकर रूम दाखवतो ती शनिवारी दुपारी बारा वाजता. त्या वेळी सगळेच एरिया सेफ दिसतात. तुम्ही परत जा, ब्रोकरला न सांगता, एकदा वर्किंग डेला संध्याकाळी सात-साडेसातला, एकदा रात्री साडेदहाला, आणि आई किंवा सासूबाई सोबत राहणार असतील आणि मॉर्निंग वॉकला जाणार असतील तर एकदा सकाळी साडेपाच-सहाला पण, कारण साखळीचोर सकाळच्या त्याच वेळी फिरतात, रस्ता मोकळा आणि बायका एकट्या. आणि गाडीने जाऊ नका. पीएमपीच्या स्टॉपवरून किंवा मेट्रो स्टेशनवरून उतरून दारापर्यंत चालत जा, कारण रोज तसंच जायचंय.

चालताना काय बघायचं. लाइटचे खांब आहेत का हे नाही, ते लागतात का हे. पत्र्याचं कंपाउंड किती लांब आहे ते. पुण्यात सगळीकडे साइट चालू आहेत आणि दोनशे-तीनशे मीटर निळे पत्रे लावलेले असतात, एका बाजूला पत्रे आणि दुसऱ्या बाजूला मोकळा प्लॉट असा पट्टा असेल तर मला तो सगळ्यात नावडता, कारण तिथे काही झालं तर बघणारं कुणी नाही, आवाज दिला तर दार उघडणारं कुणी नाही. अर्धवट डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, जो अचानक संपतो आणि पुढे कच्चा होतो, तोही तसाच. उलट रात्री अकरापर्यंत उघडं असणारं मेडिकल, दूध डेअरी, अंडाभुर्जीची गाडी, इस्त्रीवाला, रिक्षा स्टँड, ही सगळी तुमची माणसं आहेत. वाईन शॉपच्या बाहेर फुटपाथवर घोळका उभा राहून पीत असेल तर रात्री तिथून जायला पर्यायी रस्ता आहे का बघा. आणि एक साधी खूण, रात्री साडेदहाला त्या रस्त्यावर एकट्या बायका चालताना दिसतात का? दिसल्या, घाईत नसल्या, तर त्यांना तो रस्ता माहितीये आणि त्यांनी तो पास केलाय. भटकी कुत्री पण बघा, लोक याला क्राइममध्ये धरत नाहीत पण रात्रपाळीहून येणाऱ्या मुलीला विचारा.

पोलीस चौकी जवळ आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट एसटी स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला, पहाटे, आणि स्वारगेट पोलीस स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर आहे. गजबजलेली जागा होती, चौकी जवळ होती, पण उभ्या बसच्या आत काय चाललंय ते दिसत नव्हतं आणि कुणी बघत नव्हतं. म्हणून मी परत परत सांगतोय की नजर कुणाची पोचते ते बघा.

मग विचारा. ब्रोकरला नाही, मालकाला तर नाहीच. मेडिकलवाल्याला, इस्त्रीवाल्याला, वॉचमन काकांना, घरकामाला येणाऱ्या मावशींना, शेजारच्या पीजीतल्या मुलींना. मुलगी रूम शोधत असेल तर तिने स्वतः बायकांना विचारावं, दादाने किंवा वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाला वेगळं उत्तर मिळतं. आणि "एरिया सेफ आहे का" असं विचारलं की सगळे "हो हो, काय नाय इथे" म्हणतात. असं विचारा, मावशी, शेवटची चोरी कधी झाली होती? रात्री इथपर्यंत रिक्षा यायला तयार होते का? काका, मधे गाड्या फोडल्या होत्या त्या याच गल्लीत का? तुमची मुलगी क्लासहून किती वाजता येते, एकटी येते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात खरं असतं.

इथे मला एक बोलायचंच आहे. "शेजारी वस्ती आहे, नको" हे वाक्य पुण्यात इतक्या सहज बोललं जातं, आणि कधीकधी वस्तीच्या जागी जात किंवा धर्म असतो. हे चोर सोडून संन्याशाला फाशी आहे. वस्तीतली दारं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, बायका बाहेर बसलेल्या असतात, त्यामुळे वस्तीच्या कडेचा रस्ता पुष्कळदा उंच कंपाउंड वॉलवाल्या सोसायट्यांच्या मधल्या सामसूम रस्त्यापेक्षा जास्त जागता असतो. आणि ते कोयते घेऊन दहशत माजवणारी पोरं, ज्यांना सगळे कोयता गँग म्हणतात, ती गाड्या फोडतात तेव्हा फुटतात कुणाच्या, तर त्याच वस्तीतल्या रिक्षा, टेम्पो आणि हप्त्यावर घेतलेल्या दुचाक्या. ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं त्यालाच आपण गुन्हेगार धरतो. गल्ली बघा, रस्ता बघा, एफआयआर बघा, पण माणसांच्या आडनावावरून सेफ्टी ठरवू नका, त्यातून माहिती काहीच मिळत नाही आणि चांगलं घर हातचं जातं.

बिल्डिंग आणि दार

पेपरात घरफोडीची बातमी वाचा, एक शब्द ठरलेला असतो, "कडीकोयंडा तोडून". म्हणजे बाहेरून कडी घालून लावलेलं कुलूप. ते कुलूप कितीही महागाचं असू दे, कोयंडा चार स्क्रूवर बसलेला असतो आणि तो पहारीने उखडतो. शिवाय बाहेर लटकणारं कुलूप म्हणजे घरात कुणी नाही अशी पाटीच. त्यामुळे दाराच्या आत बसणारं लॉक असेल असं घर बघा, किंवा मालकाला सांगून बसवून घ्या. आणि रूम ताब्यात घेतली की पहिल्याच दिवशी लॅचचा सिलेंडर बदला. आधीचे भाडेकरू, त्यांचे मित्र, ब्रोकर, रंगारी, कुणाकडे कुठली किल्ली आहे सांगता येत नाही, आणि सिलेंडर बदलायला काहीशे रुपये लागतात.

पहिला मजला आणि सगळ्यात वरचा मजला जरा जास्त लक्ष देऊन बघा. पहिल्याला ग्रिल आहे का, डक्टमधले पाइप बाथरूमच्या खिडकीपर्यंत येतात का. वरच्याला टेरेसचं दार रात्री बंद असतं का. मागचं गेट हा फार दुर्लक्षित विषय आहे, पुढे केबिन, वॉचमन, रजिस्टर सगळं थाटात आणि मागचं छोटं गेट दिवसभर उघडं कारण दूधवाल्याला सोयीचं पडतं.

सीसीटीव्ही आहे म्हणाले की तीन प्रश्न विचारा. फुटेज किती दिवस राहतं, पासवर्ड कुणाकडे आहे, आणि रात्रीचं एक फुटेज आत्ता दाखवता का. बऱ्याच ठिकाणी कॅमेरा असतो पण डीव्हीआर बंद पडलेला, किंवा कॅमेरा इतका वर की फक्त टकलं दिसतात. लिफ्टजवळ आणि गेटवर चेहऱ्याच्या उंचीला एक-एक कॅमेरा असला तरी पुष्कळ काम होतं.

राहायला गेल्यावर

भाडेकराराची नोंदणी करून घ्या. महाराष्ट्रात ती कायद्याने करायलाच लागते आणि जबाबदारी मालकाची आहे, नोटरी करून भागवू म्हणाला तर ऐकू नका. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, ती त्याच सिटिझन पोर्टलवर ऑनलाइन होते, चौकीत चकरा मारायची गरज नाही. हे भरलेलं असलं तर उद्या तुमच्याच रूममध्ये चोरी झाली तेव्हा तुम्ही तिथे राहता हे सिद्ध करत बसायला लागत नाही.

गावाला जाताना, म्हणजे दिवाळी आणि मे महिना, जाण्याआधी स्टेटस टाकू नका, परत आल्यावर टाका. दूध, पेपर बंद करून जा. दागिने लॉकरला. शेजारच्या काकूंना सांगून जा आणि त्या गेल्या की तुम्ही लक्ष द्या. आणि बिल्डिंगमध्ये किंवा शेजारच्या बिल्डिंगमध्ये घरफोडी झाली तर पुढचे दोन-तीन आठवडे जास्त सावध राहा, कारण चोर यशस्वी झाला की त्याच भागात परत येतो, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना तोतया पोलिसांचं बसवून सांगा. ही पद्धत वर्षानुवर्षं तीच आहे तरी लोक फसतात. दोघं येतात, साध्या कपड्यात, ओळखपत्र झटकन दाखवतात, "आजी, पुढे चोरी झालीय, चेकिंग चालू आहे, एवढं सोनं घालून कशाला फिरता, काढा आणि रुमालात बांधून ठेवा." रुमाल बांधून द्यायला तेच मदत करतात आणि घरी येऊन उघडलं की खडे निघतात. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला कधीच सांगत नाही, एवढं एक वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घ्या. तसंच फोनवर डिजिटल अरेस्ट म्हणून कुणी घाबरवलं तर असली काही अटक कायद्यात नाही, फोन ठेवायचा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हेल्पलाइन आहे, फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून लावा.

गल्लीतला लाइट बंद असेल तर महापालिकेच्या पीएमसी केअरवर तक्रार टाका, खांबाचा नंबर आणि फोटो देऊन, आणि एकट्याने नाही, बिल्डिंगमधल्या पाच-सहा जणांनी. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली, तिकडे लाइट आणि रस्ते अजून पोचतायत, त्यामुळे तिथे पाठपुरावा जास्त लागतो. गस्त वाढवून हवी असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर पोलीस स्टेशनला पत्र द्या, जागा आणि वेळ नेमकी लिहून, "आमच्या भागात गस्त वाढवावी" असं मोघम नको, "अमुक शाळेच्या मागच्या रस्त्यावर रात्री दहा ते बारा" असं, आणि आवक शिक्का मारून एक कॉपी ठेवा. असं लिहिलं की बीट मार्शलला, म्हणजे दुचाकीवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना, सांगायला साहेबांनाही सोपं जातं. क्लासेस, कॉलेजच्या बाहेर मुलींना त्रास असेल तर महिला पोलिसांच्या दामिनी पथकाचं नाव घेऊन मागा.

आणि काही घडलंच तर

११२ लावा, पोलीस, अॅम्ब्युलन्स, फायर सगळ्याला तोच नंबर आहे. पैसे ऑनलाइन गेले तर १९३०, आणि लगेच, पहिल्या तासात, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच मिळतात. मोबाइल गेला तर आधी सिम आणि यूपीआय बंद करा, मग तक्रार, मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, ब्लॉक. आयएमईआय आजच स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून घरातल्या सगळ्यांचे लिहून ठेवा, फोन गेल्यावर तो कुठून बघणार.

तक्रार द्यायला गेल्यावर "ही आमची हद्द नाही" म्हणाले तर सांगा झिरो एफआयआर करा, कुठल्याही पोलीस स्टेशनला ती घ्यावी लागते आणि तेच पुढे पाठवतात, नवीन कायद्यात म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे लिहिलेलं आहे. ऑनलाइन पण माहिती देता येते, मग तीन दिवसांत जाऊन सही करायची. पाच हजार किंवा त्याहून जास्त किमतीची चोरी, हिसकावणं, घरफोडी हे दखलपात्र गुन्हे आहेत, त्याची एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून तुम्हाला घरी पाठवता येत नाही, एफआयआरच व्हायला पाहिजे, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी केसमध्ये हे स्पष्ट केलंय. गेलेल्या मोबाइलवर "गहाळ" लिहू देऊ नका, हिसकावला असेल तर हिसकावला असंच लिहायला लावा, आवाज न चढवता पण उठून न जाता. तरी नाहीच घेतली तर तक्रार लेखी करून झोनच्या डीसीपींना, म्हणजे पोलीस उपायुक्तांना, पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, त्यांनीही काही केलं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, सही करायच्या आधी जागा, वेळ आणि चोरट्यांचं वर्णन तुम्ही सांगितलं तसंच लिहिलंय ना ते वाचा आणि कॉपी हातात घेऊनच बाहेर पडा.